कोष्ट्याच्या अंगणातली द्राक्षवेल

आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत वेल लावायची म्हणजे दोडक्याची नाहीतर वालाची. पोटात जाईल ती वेल, बाकी सगळं साहेबलोकांचं खूळ, असं माझी माय म्हणायची. त्यामुळे थोरला भाऊ बंगल्यावरून द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या घेऊन आला तेव्हा तिनं त्या चुलीजवळ टाकल्या. जळायला बऱ्या होत्या. त्यातल्या तीन मी उचलल्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण ही वेल कोणाची यावर पुढं बरंच खोटं बोललं गेलं. काड्या भावानं आणल्या हे खरं, पण चुलीतून वाचवल्या मी, लावल्या मी, आणि पाच वर्षं पाणी घातलं तेही मीच.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची असेन. नवऱ्यानं दुसरी केली होती. त्यानं मला रीतसर सोडलंही नाही. नागपंचमीला म्हणून माहेरी पोचवलं आणि न्यायला कोणी आलं नाही. बाप आधीच वारला होता. घरात माय, भाऊ, भावजय आणि मी. बापाच्या मागं माग मायनं चालवला. बाईनं मागावर बसू नये म्हणणारे गल्लीत होते, त्यांना ती विचारायची, "भाकर तुमी देता काय जी?"  मी धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायची, तुटलेलं सूत सांधायची, लुगड्याच्या काठाचं रेशीम उलगडून द्यायची. घरात कामाला मी सगळ्यांना हवी होते, आणि तरी जेवायला बसलं की भावजय माझ्या ताटाकडं अशी बघायची की मी दुसरी भाकर कधी मागितली नाही. माहेरी परत आलेल्या बाईला घरात कोपरा असतो, घर नसतं. मला घर हवं होतं. एक खोली, जिच्या दाराची कडी मी आतून लावीन. माझी सगळी हाव एवढीच होती.

भावाला मागात गोडी नव्हती. गिरणीच्या कापडानं आमचा धंदा बसत चालला होता आणि त्याला ते आमच्या आधी कळलं. साहेबांच्या वस्तीतल्या एका बंगल्यावर तो माळी म्हणून लागला. बंगल्याचा साहेब रेल्वेतला, पण विलायतेचा नव्हता. त्याचा मुलूख ऑस्ट्रेलियाच्या खालच्या टोकाला, तिथल्या एका थंड राज्यात. संध्याकाळी भाऊ घरी आला की आम्हाला त्या राज्याच्या गोष्टी सांगायचा, आणि आम्ही कांड्या भरता भरता ऐकायचो. तिकडं म्हणे सगळंच उलटं. आपल्याकडं आषाढ असतो तेव्हा त्यांच्याकडं कडाक्याची थंडी. डोंगराच्या उतारावर द्राक्षांचे मळे, खायच्या द्राक्षांचे नव्हे, दारूच्या द्राक्षांचे. थंडीत वेलीची सगळी पानं गळतात आणि वेल झोपते. सकाळी वेली चढवायच्या तारांवर पांढरं दव गोठलेलं. त्या झोपेतच तिला छाटायचं, वर्षातून एकदाच. मग ऊन येतं तेही बेताचं, म्हणून फळ घाई न करता पिकतं. जितकं सावकाश पिकेल तितकी दारूला चव, असं साहेबाचं म्हणणं.

साहेबाच्या बापाचे असे मळे होते. पुढं लोक गोड, कडक दारू मागायला लागले, ह्यांची हलकी दारू कोणी घेईना, तेव्हा बापानं सगळ्या वेली बुडापासून उपटल्या आणि त्या जागी गाई चारायला सोडल्या. साहेबानं शेवटच्या काही काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून बोटीतून हिंदुस्थानात आणल्या होत्या. हे सांगताना साहेबाचे डोळे भरून आले, असं भाऊ म्हणाला. मायला हसू आवरेना. "गाईसाठी वेल उपटली तं रडाचं काहून? दूध त भेटलं ना," ती म्हणाली. मला मात्र त्या न पाहिलेल्या साहेबाबद्दल तेव्हापासून एक आपलेपणा वाटायला लागला. त्याचंही कोणीतरी बुडासकट उपटलं होतं.

बंगल्यातल्या त्या वेलींना नुसती पानं यायची. फळ आलंच तर चार दाणे, तेही तोंड वाकडं होईल असे आंबट. झोपल्याशिवाय वेल फळत नाही, असं साहेब म्हणायचा. नागपूरच्या उन्हात झोप कोणाला लागते?

माझी वेल फळली ती शेजारच्या बकरीमुळं. दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आधी ती बकरी अंगणात शिरली आणि तिनं माझी पुरुषभर उंच झालेली वेल खाऊन खुंटाएवढी केली. मी त्या बकरीच्या मालकिणीशी इतकी भांडले की आमचं महिनाभर बोलणं बंद होतं. पण खुंटाला नवी फूट आली, फुटीला तुरे आले आणि होळीच्या सुमाराला चक्क चार घड लागले. तेव्हापासून मी दरवर्षी दसऱ्याच्या आधी वेल छाटायला लागले, आणि त्या बाईशी पुन्हा बोलायलाही लागले.

गाठीचं कळलं ते माझ्या चुकीनं. माळी लोक वेल बांधतात ती सैल बांधतात, केळीच्या सोपटानं, काडीला जाड व्हायला जागा ठेवून. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी कोष्ट्याची पोर. आमच्यात सैल गाठ म्हणजे लाज. मागावर एक गाठ सुटली तर अख्ख्या लुगड्याला डाग. मी उरलेल्या रेशमाच्या तुकड्यांनी वेलीच्या काड्या मांडवाला बांधल्या त्या मागावरच्या गाठीनं, ओढून, पक्क्या. ती गाठ सुटत नाही, तिला कापावंच लागतं. काडी जाड होत गेली आणि रेशीम तिच्या सालीत रुतत गेलं. माझ्या ते ध्यानात आलं तेव्हा गाठ कापायला उशीर झाला होता. आता काडी मरणार. पण काडी मेली नाही. उलट गाठीच्या पुढं लागलेले घड बाकीच्यांच्या दीडपट, आणि गोडीला असे की मुंग्या मांडवावर चढायला लागल्या. जिथं बांधायचं राहून गेलं होतं तिथले घड साधेच होते. सालीतून खाली जाणारा रस गाठीपाशी अडतो आणि फळात उतरतो, एवढं मला शाळेत न शिकता कळलं. पुढच्या वर्षी मी प्रत्येक फळत्या काडीला गाठ मारली. फळ उतरलं की ती काडी छाटूनच टाकायची, म्हणजे वेलीला इजा नाही.

हे सगळं मी भावाला दाखवलं. मी होऊन दाखवलं, त्यानं विचारलंही नव्हतं. मला तेव्हा दाखवायची हौस होती.

त्यानं घड हातात घेतला, रुतलेलं रेशीम नखानं चाचपलं आणि एक दाणा तोडून तोंडात टाकला. मग म्हणाला, "साहेबाले दाखवतो वं. तुह्या हाताले काहीतरी हाय."

साहेबानं तो घड फळाफुलांच्या प्रदर्शनात ठेवला आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. भाऊ डोक्याला नवा फेटा बांधून घरी आला. मी विचारलं, "माहं नाव सांगतलं ना गा दादा?"

"त काय माहं सांगीन? तुहंच सांगतलं," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात त्यानं पचमढीची गोष्ट काढली. उन्हाळ्यात मध्यप्रांताचं सरकार वर पचमढीला जायचं, तिथं साहेबानं एक बंगला आणि उताराची जमीन घेतली होती. पचमढीला थंडी पडते, वेली झोपतील, तिथं बापासारखा मळा करायचा, दारू गाळायची, असं त्याच्या डोक्यात होतं. नोकरी सोडून तो तिथंच राहणार होता. त्याला द्राक्षातलं कळणारं माणूस हवं होतं.

"आपण सगळे जाऊ," भाऊ म्हणाला. "साहेब दोन खोल्या देते म्हणते. एक आमची, एक तुही. तुह्याबिगर मले त्यातलं काय समजते?"

एक तुही. मी ते दोन शब्द आठ दिवस तोंडात घोळवले. कडी कुठल्या बाजूला असेल, खिडकी असेल का, थंडीत दोन गोधड्या पुरतील का. बापाच्या जुन्या पेटीत मी माझी तीन लुगडी घडी करून ठेवली आणि वर रेशमाचे तुकडे ठेवले, गाठींसाठी. मायला म्हटलं, तू पण चल. ती म्हणाली, "माग सोडून मी कुठं जाऊ वं?" आणि माझ्याकडं न पाहता मागाची पायसर पायानं दाबत राहिली. मला वाटलं, मी जाणार म्हणून तिला वाईट वाटतंय.

होळी झाल्यावर भावानं मला उमरेडला मावशीकडं पाठवलं. काठाचं रेशीम तिच्याकडं पोचवायचं होतं, आणि आता दूर जाणार तर भेटून ये म्हणाला. दोन दिवसांत परत यायचं ठरलं होतं. मावशीनं आग्रह केला, आज राहा, उद्या राहा. तिलाही निरोप होता की काय, हे मी पुढं तिला कधी विचारलं नाही. आठव्या दिवशी परत आले तर अंगणात मांडव नव्हता आणि वेलही नव्हती. तिच्या जागी जमीन सपाट, शेणानं सारवलेली, वर रांगोळीचं बोटसुद्धा ओढलेलं. भावाची खोली रिकामी होती. कोपऱ्यात भावजयीचा तुटका कंगवा पडलेला.

"साहेबाले घाई होती," माय म्हणाली. "वेल बुडासकट काढून गोणपाटात बांधून नेली. तुले मागून बोलावतो म्हणाला."

सारवलेली जागा मी पायानं दाबून पाहिली. खालची माती अजून भुसभुशीत होती. खड्डा माझ्या डोळ्याला पडू नये म्हणून मायनं तो बुजवला, वर सारवलं, असं मला वाटलं आणि त्या दुःखातही तिची माया आली. मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात आज आठवला की अंगावर काटा येतो.

मी वाट पाहिली. पेटी भरलेलीच ठेवली. दिवाळीला पोस्टकार्ड आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. वेल लागली आहे, इथं बायामाणसाचं काम नाही, साहेब नाही म्हणतो, काळजी नसावी. मला साहेबाचा राग आला. भावाचा आला नाही, हे आता सांगतानाही माझं मलाच चमत्कारिक वाटतं. ज्याला कधी पाहिलं नाही त्या परक्या माणसावर मी चार वर्षं दात खाल्ले, आणि राखीपौर्णिमेला भावाला रेशमाची राखी पाठवली. पेटीतल्याच तुकड्यांची.

पाचव्या वर्षी, थंडीतल्या एका दुपारी, साहेब स्वतः आमच्या दारात आला. मी त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. उंच, वाकलेला, उन्हानं रापलेला म्हातारा. सोबत टांगेवाला. साहेब आपल्या मुलखाला कायमचा परत निघाला होता. त्यानं टोपी काढून हातात धरली आणि मायसमोर उभा राहिला. माय ओसरीतल्या मागावर होती, मी तिच्यापासून हातभर अंतरावर चरख्याशी कांड्या भरत बसले होते. आता ह्याला जाब विचारायचा, माझी खोली का नाकारली म्हणून, असं मी मनाशी धरलं आणि तोंड उघडणार तेवढ्यात तोच बोलला.

"माई, तुम्हारा बेटी का अफसोस आज भी है हमको," तो म्हणाला. त्याची हिंदी मोडकी होती, पण शब्द सावकाश, एकेक लागत होता. "उस दिन हम वेल लेने आया, बोला, जिसने ये गाँठ बाँधा उसको बुलाओ, उसके बिना हम वेल नहीं ले जाएगा. तुम्हारा बेटा रोया. बोला वो मर गया. हमको बहुत दुख हुआ."

माझ्या हाताखालचा चरखा थांबला.

त्यानं खिशातून एक वाळलेली काडी काढली. तिच्या सालीत माझं हिरवं रेशीम रुतलेलं होतं. काठाचं हिरवं, मला ते लुगडंसुद्धा आठवलं. त्या गाठीकडं बघून बघून तो तशी गाठ मारायला शिकला होता. दरवर्षी सगळ्या वेलींना मारायचा. माझा भाऊ मळ्यावर मुकादम झाला होता, पण त्याचा हात तसा नाही, असं साहेब म्हणाला. मग त्यानं एक बाटली मायच्या पुढ्यात ठेवली. पहिल्या चांगल्या वर्षाची दारू. मेलेल्या मुलीच्या घरी ती पोचवावी असं त्याच्या मनात होतं.

मी मायकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. खाली मान घालून, धोट्यावर हात ठेवून ती म्हणाली, "हो जी साहेब. गेली बिचारी. पाच वर्स झाले."

मी तिथंच बसले होते. मी हात लांब केला असता तर तिच्या गुडघ्याला लागला असता.

साहेबाचं लक्ष माझ्याकडं गेलं. "और ये?"

"पुतणी हाय जी," माय म्हणाली.

 चरखा झटक्यानं थांबल्यामुळं सूत तुटलं होतं, म्हणून मी सवयीनं त्याची दोन टोकं घेऊन सांधली. साहेब पाहत होता.  तो वाकला, माझ्या बोटांकडं बघत म्हणाला, "ये भी वही गाँठ बाँधती है."

"आमच्यात सगळ्याच बाया बांधतात जी," माय म्हणाली.

तेव्हा मी बोलू शकले असते. मीच ती, एवढंच म्हणायचं होतं. नंतर कितीतरी वर्षं मी ते वाक्य कांड्या भरताना मनात म्हटलं, मराठीत आणि हिंदीतही. पण त्या क्षणी बोलले असते तर माझी माय त्या परक्या माणसापुढं खोटी ठरली असती, आणि मला ते बघवलं नसतं. मला मारून टाकणाऱ्या बाईची अब्रू मी राखली. मूर्खपणा म्हणा. साहेबानं मान लववली, टोपी घातली आणि गेला. टांगा गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी चाकाचा आवाज ऐकत होते.

मग मी मायला विचारलं, "तुले माहीत होतं?"

तिनं नाकारलं नाही. "मी इथंच उभी होती तवा," ती म्हणाली. "साहेब म्हणे तिलेच नेतो, तिलेच कामाचं मुख्य करतो. तू गेली असती त तुह्या दादाले कोणी पुसलं असतं? त्याले बायको हाय, लेकरू होणार होतं. तुले काय हाय वं?"

ती हे रागानं बोलली नाही. बाजारात दोन वस्तूंतली एक निवडल्यावर माणूस सांगतो तसं, सरळ.  खरंच, मला काय होतं? एक वेल होती.

बाटली तिनं घरात येऊ दिली नाही. मी बूच काढून बोटानं चाखली, आंबट लागली, आणि सगळी त्या सारवलेल्या जागेवर ओतली. बाटलीत आम्ही पुढं घासलेट ठेवायचो.

दिवेलागणीला मायनं दोघींची ताटं केली. माझ्यापुढं भाकर, वरण आणि मिरचीचा ठेचा ठेवला. मी ताटाला हात लावला नाही.

"कोणासाठी वाढून राहिली माय?" मी म्हटलं. "मी त मेली ना."

 तिनं आपल्या ताटातली भाकर उचलली आणि माझ्या भाकरीवर ठेवली. मग रिकाम्या ताटापुढं बसून राहिली. मला भूक लागली होती. मी दोन्ही भाकरी खाल्ल्या.